वऱ्हाडचे दप्तर आणि तालुक्याचा सर्व्हर

नांदगाव खंडेश्वर येथील खंडेश्वराच्या हेमाडपंती देवालयात शके ११७७ मधील, यादवनृपती कृष्णाच्या कारकिर्दीतील, जो शिलालेख आहे, तो देवाच्या पूजेअर्चेकरिता दिलेल्या दानाची नोंद आहे. दाता निवर्तला, त्याचे वारस पांगले, राज्य बदलले, तरी त्या दानाविषयी कोणी तंटा करू नये, एवढ्यासाठीच ती नोंद पाषाणावर, आणि तीही चारचौघांच्या येण्याजाण्याच्या जागी केली गेली, हे उघड आहे. हक्काची नोंद टिकवायची म्हटले म्हणजे तीन गोष्टींची व्यवस्था लावावी लागते : ती लिहिण्याचा अधिकार कोणाला, ती खरी म्हणून कायम करण्याचा अधिकार कोणाला, आणि ती ठेवायची कोठे. याच नांदगावच्या तहसिलीतील आणि अवघ्या महाराष्ट्रातील जमिनीचे दप्तर गेल्या तीन-साडेतीन दशकांत कापडी बस्त्यांतून निघून संगणकाच्या सर्व्हरवर गेले, त्या स्थित्यंतराविषयी बोलताना यंत्राच्या वेगाचे आणि साठवणशक्तीचे कौतुक पुष्कळ होते. त्या कार्याचा गाभा मात्र, माझ्या मते, या तीन व्यवस्थांच्या फेरमांडणीत होता. आणि जेथे ती फेरमांडणी दप्तराच्या जुन्या शिस्तीला धरून झाली, तेथेच ते यंत्र रुजले.

नांदगाव ज्यात मोडते त्या वऱ्हाडचे दप्तर मुळातच अनेक धन्यांसाठी लिहिले गेलेले दप्तर आहे. १५९६ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीकडून हा मुलूख अकबराकडे गेला आणि त्याच्या सरकारांची व परगण्यांची जमाबंदी 'ऐन-इ-अकबरी'त नोंदली गेली. पुढे अठराव्या शतकात हैदराबादचा निजाम आणि नागपूरकर भोसले या दोघांचा अंमल एकाच प्रदेशावर एकाच वेळी चालला. त्या दोअमलीत एकाच गावच्या वसुलाचा हिशेब दोन दरबारांना द्यावा लागे, आणि धनी बदलत असता दप्तर तेवढे गावात राहत असल्यामुळे देशमुख-देशपांडे आणि पाटील-पटवारी यांच्या कागदांना विलक्षण वजन प्राप्त झाले. १८०३ च्या देवगावच्या तहाने भोसल्यांना वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख सोडावा लागला, १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले, १९०२ मध्ये निजामाने ते कायमच्या पट्ट्याने दिले आणि १९०३ मध्ये ते मध्यप्रांताला जोडले गेले. इतक्या उलथापालथींतून शेतकऱ्याचा हक्क जो काही शाबूत राहिला, तो पटवाऱ्याच्या बस्त्यामुळे राहिला, आणि जेथे बुडाला तेथेही पुष्कळदा त्या बस्त्यामुळेच बुडाला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

इंग्रजी अंमलात १८६० च्या दशकात येथे जी मोजणी झाली, तिच्यावर थोडे थांबले पाहिजे, कारण पुढे सव्वाशे-दीडशे वर्षांनी सर्व्हरवर जे मांडले गेले त्याचा सांगाडा त्या मोजणीत तयार झाला. शेजारच्या नागपूर मुलखात मालगुजारी कायम झाली; वऱ्हाडात मात्र मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी घालून दिलेली रयतवारी पद्धती आणण्यात आली. मोजणीदार तेहतीस फुटांची साखळी घेऊन शिवारात उतरत. त्या साखळीचे सोळा आणे, एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद एवढी जागा म्हणजे एक गुंठा, आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. मोजलेल्या प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर मिळाला, त्याच्या कोपऱ्यांवर दगड रोवले गेले, दोन शेतांमध्ये धुरा राखला गेला, लागवडीस निरुपयोगी भाग पोटखराबा म्हणून वजा झाला, आणि जमिनीची प्रत पाहून त्या नंबरावर आकार बसविण्यात आला. गावच्या सर्व नंबरांचे क्षेत्र व आकार ज्यात एकत्र नोंदले, तो आकारबंद. गावची गुरे चरण्यासाठी राखलेल्या जमिनींना त्या वर्गवारीत ई-क्लास हे नाव पडले, आणि वऱ्हाडातला माणूस गायरानाला आजही ई-क्लासच म्हणतो. शेताला एक कायमचा क्रमांक, त्या क्रमांकाला एक ठराविक क्षेत्र, त्या क्षेत्राला एक आकार आणि त्यापुढे एका खातेदाराचे नाव, ही जी परस्परसंबद्ध रचना तेव्हा कागदावर उभी राहिली, तिच्यावाचून कोणत्याही अभियंत्याला जमिनीची संगणकीय कोष्टके आखताच आली नसती. १९०० च्या वऱ्हाड पाटील-पटवारी कायद्याने ही कागदपत्रे सांभाळणाऱ्यांची कर्तव्ये आणि वतनी हक्क बांधून दिले.

नदीपलीकडच्या वर्धा जिल्ह्यात निराळीच परंपरा होती. तेथे मालगुजार आणि त्याच्याखालील नाना प्रकारचे काश्तकार होते, शेताला खसरा नंबर होता आणि एकराचे अंश गुंठ्यांऐवजी दशांशांत लिहिले जात. मालगुजारी १९५० च्या कायद्याने संपली, मध्य प्रदेशाचा १९५४ चा जमीन महसूल कायदा दोन्ही प्रदेशांना एकत्र लागू झाला, आणि १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आल्यानंतर १९६६ चा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आला. त्याखालील १९७१ च्या नियमांनी अधिकार अभिलेखाचे नमुने साऱ्या राज्यासाठी एकसारखे ठरविले : गाव नमुना सात हा हक्काचा, बारा हा पिकांचा, सहा हा फेरफारांचा आणि आठ-अ हा खात्याचा. पटवाऱ्याचा तलाठी झाला, एकर-गुंठ्यांचे हेक्टर-आर झाले. परंतु जुन्या पद्धतींचे अवशेष इतर हक्कांच्या रकान्यात, शेऱ्यांत आणि क्षेत्रांच्या बेरजांत शिल्लक राहिले, आणि ते किती आहेत याचा पुरता उलगडा यंत्राने पहिली बेरीज मागितली तेव्हा झाला.

केंद्र शासनाने १९८८-८९ मध्ये भूमिअभिलेखांच्या संगणकीकरणाची योजना देशातील आठ जिल्ह्यांत प्रयोगादाखल हाती घेतली. आंध्रातील रंगारेड्डी, गुजरातेतील गांधीनगर, राजस्थानातील डुंगरपूर, ओरिसातील मयूरभंज यांच्या मालिकेत महाराष्ट्रातून जो एकच जिल्हा घेतला गेला, तो वर्धा होय. नांदगावापासून दोन-तीन तासांच्या अंतरावर, विनोबांच्या पवनारच्या जिल्ह्यात, सातबारा प्रथम यंत्रावर चढविण्याचा यत्न व्हावा, ही गोष्ट विदर्भाच्या प्रशासकीय इतिहासात आजवर जितकी नोंदली गेली त्याहून अधिक आदराने नोंदली जावी असे मला वाटते. पुढे ही योजना टप्प्याटप्प्याने इतर जिल्ह्यांत आली. त्या काळचा संगणक नागरी लिपी आपल्या बळावर लिहू शकत नसे. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक संस्थेचे जिस्ट तंत्र त्यासाठी यंत्रात वेगळ्या कार्डाच्या रूपाने बसवावे लागे, आणि भारतीय लिप्यांसाठीची इस्की ही संकेतपद्धती १९९१ मध्ये प्रमाण ठरली.

त्या पहिल्या पर्वात तालुक्याच्या ठिकाणी एका खोलीत सर्व्हर, त्याला जोडलेली दोन-चार यंत्रे, विजेच्या लहरीपणावर उतारा म्हणून बॅटऱ्यांची पेटी आणि एक मुद्रणयंत्र एवढा सरंजाम असे. वऱ्हाडातल्या वैशाखात पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो, तेव्हा त्या खोलीचा गारवा टिकविणे हेच निम्मे काम होऊन बसे. हस्तलिखित सातबाऱ्यांवरून नोंदी यंत्रात भरल्या गेल्या आणि खातेदारांना छापील उतारे मिळू लागले. परंतु या पर्वात एक मूलभूत उणीव होती. फेरफार लिहिण्याचे आणि मंजूर करण्याचे काम तलाठ्याच्या चोपडीतच चालू राहिले आणि यंत्रात त्याची नक्कल मागाहून चढे. म्हणजे दप्तरे दोन झाली, एक जिवंत आणि एक त्याच्या मागून चालणारे, आणि दिवसागणिक त्या दोहोंतला फरक वाढत गेला. दोअमलीचे दुःख भोगलेल्या मुलखाला हा प्रकार अपरिचित नव्हता. सर्व्हर होता, सॉफ्टवेअर होते, छापील उताराही होता. पण नोंद लिहिण्याचा आणि कायम करण्याचा अधिकार त्या व्यवस्थेत बसविलेलाच नव्हता, आणि म्हणून न्यायालयापासून सोसायटीपर्यंत जो तो तलाठ्याच्या हाताच्या उताऱ्याचाच आग्रह धरी.

केंद्राने २००८ मध्ये राष्ट्रीय भूमिअभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम आखला आणि त्यानंतर महाराष्ट्रात जमाबंदी आयुक्तांच्या नेतृत्वाखाली, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे येथील तंत्रज्ञांनी घडविलेली ई-फेरफार प्रणाली आली, तेव्हा हा दोष मुळातून काढण्याचे ठरले : यापुढे फेरफार यंत्रातच जन्माला यावा, यंत्रातच मंजूर व्हावा, आणि मंजूर होताच सातबारा आपोआप बदलावा. ऐकावयास हे सरळ वाटते. मोठ्या कारखान्यांत आणि व्यापारी पेढ्यांत व्यवहाराची समग्र सॉफ्टवेअरे बसविणाऱ्यांना जो अनुभव येतो तोच येथेही आला. चक्रिका घालून कार्यक्रम यंत्रावर उतरविणे हे अल्पकाळाचे काम. त्याला आपल्या संस्थेची ओळख करून देणे, म्हणजे गावे, खाती, पदे, अधिकार, क्रमांकांच्या मालिका आणि व्यवहारांचे प्रकार त्यात निश्चित करणे, हे वर्षांचे काम. या कामाला इंग्रजीतून आलेले कॉन्फिगरेशन हे नाव आहे. महसुली माणसाने त्याला निःसंकोच बंदोबस्त म्हणावे.

या बंदोबस्ताचे स्वरूप जवळून पाहण्यासारखे आहे. प्रथम प्रत्येक गावाला एक संकेतांक. मौजा हा महसुली अर्थाने गाव, मग तेथे वस्ती असो वा ते रिठे, म्हणजे उजाड गाव असो, त्याला स्वतंत्र क्रमांक हवाच, नाहीतर त्याच्या शिवारातले सर्व्हे नंबर कोणाच्या पदरी घालायचे? मग खाते मास्टर : खाते वैयक्तिक आहे, सामाईक आहे की एकत्र कुटुंबाचे आहे, आणि सामाईक असल्यास कोणाचा हिस्सा किती. मग भूधारणा : भोगवटादार वर्ग १, वर्ग २ की शासकीय पट्टेदार, कारण वर्ग २ च्या जमिनीचे हस्तांतरण सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून होत नाही, आणि हा रकाना चुकला तर विकता न येणारी जमीन विकली जाते किंवा विकता येणारी अडकून पडते. मग फेरफारांचे प्रकार : खरेदी, वारस, वाटणी, बक्षीसपत्र, बोजा चढविणे, बोजा उतरविणे, प्रत्येकाची वाक्यरचना निराळी, प्रत्येकाने सातबाऱ्यावर होणारा बदल निराळा. आणि गावच्या नमुना सहामधील अनुक्रमांक जेथे थांबला तेथूनच यंत्राने पुढे चालावे, अशी जोडणी. तालुक्यात एका नायब तहसीलदाराकडे या सर्वाची चावी सोपविण्यात आली, आणि डीबीए, म्हणजे डेटाबेस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, ही परकी अक्षरे वऱ्हाडातल्या तहसिलींत नाझर आणि अव्वल कारकून या शब्दांइतकी घरगुती झाली.

अधिकारांची वाटणी करताना ज्यांनी ही प्रणाली रचली त्यांनी जे शहाणपण दाखविले, त्याचे मोल मला सर्वांत अधिक वाटते. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५० प्रमाणे फेरफाराची नोंद तलाठी करतो, संबंधितांना नोटीस देतो, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत जाते, आणि मग मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो. लिहिणारा एक, कायम करणारा दुसरा. हीच साखळी यंत्रात जशीच्या तशी ओवली गेली. दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत नोंदले गेले की त्याची वर्दी तलाठ्याच्या पडद्यावर येते. तो आपल्या डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनाने आत शिरतो, गाव निवडतो, देणार-घेणार यांची नावे, गट वा सर्व्हे नंबर आणि क्षेत्र पडताळतो, नोटीस काढतो. मुदत संपल्याशिवाय मंडळ अधिकाऱ्यापुढे ती नोंद मंजुरीला येत नाही, आणि त्याने प्रमाणित केल्याशिवाय सातबाऱ्यावरचे एक अक्षरही हलत नाही. कागदी दप्तरात ही शिस्त नियमात होती आणि माणसाच्या सचोटीवर अवलंबून होती. येथे ती रचनेतच गुंफली गेली. मागील तारखेने नोंद घालणे किंवा दोन ओळींच्या मधल्या कोऱ्या जागेत एक नाव वाढविणे, या ज्या गोष्टींनी कित्येक कुटुंबांचे वाटोळे केले, त्यांना आळा बसला. ज्याच्या बापाचे शेत अशा एका ओळीने गेले, त्याला या सुधारणेची थोरवी सांगावी लागत नाही.

लिपीचा प्रश्न मात्र वाटला त्याहून चिवट निघाला. जुना मजकूर इस्कीत, नवा युनिकोडात. रूपांतर करताना 'वऱ्हाड' या शब्दातला जो अर्धा र आहे, जो कऱ्हाळे, दऱ्या, शेतकऱ्याचे अशा शब्दांत पावलोपावली येतो, त्याने विशेष परीक्षा पाहिली. युनिकोडात तो नुक्त्याच्या ऱ ला हलन्त जोडून साधतो, आणि तो ऱ स्वतः एका संकेताने किंवा र आणि नुक्ता अशा दोन संकेतांनी लिहिता येतो. डोळ्याला दोन्ही एकच, यंत्राला मात्र, आधी समजूत घालून दिली नसेल तर, ती दोन भिन्न नावे. एकाच माणसाची दोन खाती पडली, आठ-अ मध्ये अर्धे शेत दिसले आणि अर्धे दिसले नाही, तर त्यात कोणाची लबाडी असेलच असे नाही. अनेकदा हा एका टिंबाचा फेर असतो. मराठी शासनव्यवहार यंत्रावर नेणाऱ्या प्रत्येक खात्याने या टिंबाकडे अधिक गांभीर्याने पाहावे, अशी माझी मनःपूर्वक विनंती आहे.

आणि मग बेरजांचा ताळा. सर्व्हे नंबराचे एकूण क्षेत्र, त्यातील खातेदारांच्या हिश्श्यांची बेरीज आणि आकारबंदातील मूळ क्षेत्र ही तिन्ही जुळली पाहिजेत, असा यंत्राचा हट्ट. एक आर म्हणजे एका गुंठ्याहून किंचित कमी. एकर-गुंठ्यांचे हेक्टर-आर करताना पूर्णांकाकडे झुकविलेल्या आकड्यांनी पन्नास वर्षांत पोटहिश्श्यापोटहिश्श्यांतून जे फरक साचविले होते ते सारे एकदम वर आले. अशा विसंगतींच्या याद्या यंत्रातून निघू लागल्या, त्यांना महसुली बोलीत ओडीसी अहवाल हे नाव पडले, आणि तलाठी, मंडळ अधिकारी, तहसीलदार यांनी राज्यातील सुमारे अडीच कोटी सातबारे एकेक करून मूळ हस्तलिखिताशी पडताळावे, असे महाप्रचंड काम उभे राहिले. प्रथम एडिट, मग री-एडिट अशी त्याची आवर्तने झाली. नोंद ठरवणारा अधिकारी आणि नोंदीने बांधला जाणारा खातेदार यांची समोरासमोर गाठ घालून देण्यासाठी २०१७ च्या उन्हाळ्यात गावोगाव चावडी वाचन झाले. तलाठ्याने खातेनिहाय सातबारा मोठ्याने वाचावा आणि ज्याचे त्याने आपले नाव, क्षेत्र, विहीर, बोजा ऐकून हरकत सांगावी. मुलखाच्या मोजणीनंतर गावाने आपले दप्तर इतक्या पद्धतशीरपणे कानांनी ऐकल्याचा प्रसंग क्वचितच आला असेल. चोपडीतली चूक यंत्रात उतरली होती आणि यंत्रातली चूक चावडीवर उघडी पडली. कलम १५५ प्रमाणे लेखनप्रमाद दुरुस्त करण्याचे आदेश त्यातून निघाले, आणि दुरुस्तीच्या नावाखाली हक्कच फिरविले जाऊ नयेत म्हणून त्या कलमाच्या वापरावर बारीक नजर ठेवण्याची जबाबदारीही वरिष्ठांवर आली.

कर्नाटकाने २००० च्या सुमारास 'भूमी' प्रकल्पात दोन कोटी नोंदी यंत्रावर चढवून तालुक्याच्या ठिकाणी खिडकीवर उतारे देण्यास आरंभ केला आणि हस्तलिखित उतारे बंदच करून टाकले. ती धडाडी स्तुत्य होती. महाराष्ट्राला उशीर झाला, हे खरे. परंतु फेरफाराची सारी कायदेशीर वाट यंत्रात आणण्यासाठी आणि मूळ चोपडीशी प्रत्येक पान ताडून पाहण्यासाठी जो काळ गेला तो वाया गेला, असे मी म्हणणार नाही. तालुक्यातालुक्यांतील सर्व्हरांवरचा मजकूर राज्याच्या डेटा सेंटरमध्ये एकवटला. त्यामुळे तालुक्याच्या खोलीतली बॅटरी संपली म्हणून नोंद नाहीशी होण्याचे भय संपले, आणि त्याऐवजी दूरच्या सर्व्हरवर भार पडला की तीनशे अठ्ठावन्न तालुक्यांचे काम एकदम खोळंबण्याची नवी अडचण आली. पेरणीच्या तोंडावर पीककर्जासाठी सोसायटीच्या दारात उभ्या असलेल्या शेतकऱ्याला तो खोळंबा किती महाग पडतो, हे मुंबई-पुण्यात बसून कळत नाही. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला, त्याची प्रत पंधरा रुपयांत घरबसल्या निघते, आणि तीवर तलाठ्याच्या शाईच्या सहीची गरज राहिली नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून पिकांची नोंद खातेदारानेच आपल्या मोबाइलवरून करावी, अशी ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. म्हणजे नमुना बाराचे लेखन, जे पिढ्यान्‌पिढ्या पटवाऱ्याचे होते आणि ज्याला वऱ्हाडात पेरेपत्रक म्हणत, ते प्रथमच कास्तकाराच्या हाती आले. लिहिण्याचा अधिकार इतक्या खाली उतरल्याचे दुसरे उदाहरण आपल्या महसुली इतिहासात मला आठवत नाही.

जुने बस्ते मात्र अजून तहसिलींच्या अभिलेखकक्षांत आहेत, आणि त्यांचीही छायाचित्रे काढून ती सर्व्हरवर ठेवण्याचे काम चालले आहे. ज्या सात जिल्ह्यांचे असे जुने अभिलेख प्रथम जनतेस पाहण्यास खुले झाले, त्यांत अमरावती आणि अकोला हे वऱ्हाडचे दोन जिल्हे आहेत. नाशिक, धुळे, ठाणे, पालघर आणि मुंबई उपनगर हे उरलेले पाच. या छायाचित्रांना गाव, सर्व्हे नंबर आणि कागदाचा प्रकार अशी अनुक्रमणिका लावावी लागते, आणि ती लावणाऱ्याला मोडी वाचता आली पाहिजे, जुना पोटहिस्सा नव्या क्रमांकाशी ताडता आला पाहिजे, पटवारी हलक्यांच्या बदललेल्या सीमा ठाऊक असल्या पाहिजेत. चुकीच्या गावाखाली चढविलेले पान सर्व्हरवर सुरक्षित राहील, पण ज्याच्या पणजोबाचे नाव त्यावर आहे त्याला ते कधीही सापडणार नाही. म्हणून हे काम उरकण्याच्या घाईने न होता, तालुक्यातल्या जाणत्या निवृत्त तलाठ्यांना हाताशी घेऊन व्हावे, आणि त्यांची पिढी हयात आहे तोवरच व्हावे.